प्रकल्प आधीपासून होता, म्हणून नाक दाबून बसायचं का?

वैजू
परवा इथे एकांनी लिहिलं होतं, "कचरा प्रकल्पाशेजारी स्वस्तात फ्लॅट घ्यायचा आणि मग वास येतो म्हणून गळा काढायचा. प्रकल्प आधी होता, तुम्ही नंतर आलात. खिडक्या लावून घ्या." त्याला ढीगभर लोकांनी दुजोरा दिला. दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

हे लोक दाखला देतात पुण्यातल्या बाणेरच्या कचरा प्रकल्पाचा. हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, ऑक्टोबर 2020 मध्ये तिथला प्रकल्प बंद करून दुसरीकडे हलवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये तो आदेश रद्द केला. लगेच सगळे म्हणायला मोकळे, रहिवासी हरले! त्याच निकालात नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शिफारशी पाळा, भोवती दाट झाडी लावा, असंही सांगितलंय. प्रकल्प राहील असं न्यायालय म्हणालं. वास राहू दे असं म्हणालेलं नाही.

मी बाणेरची नाही. आमच्या भागातल्या प्रकल्पाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रात्री अकराच्या पुढे वास सुरू होतो, सडक्या कोबीत अंडं फुटावं तसा. थंडीत जास्त, कारण जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच बसते, वास वर जाऊन पांगत नाही. सासूबाईंना दमा. खिडकी उघडी ठेवली तर वास, लावली तर जीव घुसमटतो. नणंद बाळंतपणाला आली होती. धुऊन वाळलेली दुपटी ती दोरीवरून काढायची, नाकाला लावायची आणि परत बादलीत टाकायची. महिना व्हायच्या आत गेली परत.

तक्रार केली की साहेब येतात सकाळी अकराला, रणरणत्या उन्हात. तेव्हा वास कुठला? अहवालात "दुर्गंधी आढळली नाही".

प्रकल्प हलवा असं मी म्हणतच नाही. रात्री येऊन मोजा, शेडची दारं बंद ठेवा, उरलेला कचरा त्याच दिवशी उचला. एवढं मागणं म्हणजे गळा काढणं?

अण्णा_पेठेतले
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेणार नाही. फ्लॅट घेताना वास्तुशास्त्र बघता, शाळा किती लांब ते बघता, विकास आराखडा का नाही बघत? भाव कमी होता तो कशामुळे, हे कळलं नव्हतं? आम्ही पेठेत राहतो. दहीहंडी, मग गणपतीत ढोल, वर्षभर कुणाची ना कुणाची मिरवणूक, घरापुढे दुचाकी लावायला जागा नाही. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा खाली स्पीकरची भिंत होती. आम्ही गेलो का लवादात? शहरात राहायचं तर काहीतरी सोसावं लागतं.

सातवामजला
अण्णा, ढोल दहा दिवसांनी थांबतो. आणि आराखड्याचं म्हणाल तर आम्हाला दाखवलेल्या नकाशात त्या जागेला नुसता हिरवा रंग होता. बिल्डरचा माणूस म्हणाला, "तिकडे बाग होणार." बरं, आम्ही अडाणी. पण इमारतींना परवानगी कोणी दिली? 2016 च्या घनकचरा नियमांत होतं, दिवसाला 5 टनांपेक्षा मोठा प्रकल्प असेल तर भोवती बांधकाम नसलेला पट्टा सोडायचा. प्रकल्पालाही मंजुरी, बाराव्या मजल्यालाही मंजुरी, आणि चूक फ्लॅट घेणाऱ्याची!

फुरसुंगीकर
वाचून डोकं फिरलं. बाणेर, बाणेर. तुम्हाला वास आला की लवाद, दिल्ली, नीरी. आमच्याकडे उरुळी-फुरसुंगीला नव्वदच्या दशकापासून पुण्याचा कचरा येतोय. कोथरूडला वस्ती वाढली आणि तिथला डेपो हलला. आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. कचरा आला आमच्या गावात. आम्ही नंतर राहायला आलो होतो का हो, अण्णा? आमच्या विहिरी डेपोच्या आधीच्या आहेत. त्यांचं पाणी नासलं, लोक टँकरवर आले.

माझ्या बहिणीच्या लग्नात पंगत बसली तेव्हा एका हाताने माश्या हाकलत दुसऱ्या हाताने जेवले लोक. मुलाकडचे पानावरून उठले. आई आजही तो विषय निघाला की आत निघून जाते.

अण्णा_पेठेतले
फुरसुंगीकर, तुमच्याबाबत "नंतर आलात" हे लागू नाही. मान्य. पण ते फक्त तुमच्यापुरतं.

रसायनवाली
अशाच एका प्रकल्पात काम केलंय, त्यामुळे थोडं सांगते. ओला कचरा हवेशिवाय कुजला की हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, मर्कॅप्टन हे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइड अगदी नगण्य प्रमाणातही नाकाला कळतो. आपल्या 2009 च्या हवा मानकांत 12 प्रदूषकं आहेत, त्यात अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. त्यामुळे वैजूताईंच्या घरात झोप उडाली तरी "सर्व घटक मर्यादेत" असा कागद खुशाल निघू शकतो.

उपाय अवघड नाहीत. शेडमधली हवा पंख्यांनी आत ओढून बायोफिल्टरमधून सोडायची. पण गाड्यांची रांग लागली की दार उघडंच राहतं, मग ते पंखे काय करणार? फिल्टरमधला लाकडाचा भुसा, काथ्या ओला ठेवावा लागतो. तो सुकला की कामातून गेला. मग सुगंधी फवारे मारतात. त्याने वास जात नाही, नुसता झाकला जातो.

पण रहिवाशांनीही ऐकावं. "ओला" म्हणून आलेल्या गाडीत मी डायपर, शहाळी, काचा, पेढ्यांचे खोके पाहिलेत. शहाळ्याने यंत्र अडकलं की मागचा सगळा ढीग तसाच पडून राहतो. त्या रात्री वास येणारच. मुळात मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा आहे. किती जण जिरवतात?

सातवामजला
आमच्याकडे खतखड्डे आहेत. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरने चालवले. आता त्यात जुन्या सायकली आणि फुटके कमोड.

तळमजला_अ
खतखड्ड्यांचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा माझ्या स्वयंपाकघरात उभं राहावं. आमच्या सोसायटीने खड्डे बरोब्बर माझ्या खिडकीखाली केलेत. कल्चर, म्हणजे कचरा कुजवणारं विरजण, टाकायचं विसरतात, भुसा संपला तर दोन-दोन आठवडे येत नाही, खालून काळं पाणी झिरपतं. सभेत बोलले तर अध्यक्ष म्हणतात, "वहिनी, पर्यावरणासाठी थोडं सहन करा." ते राहतात नवव्या मजल्यावर!

अण्णा_पेठेतले
बघा. हेच मी म्हणत होतो. खड्डा हवा, पण दुसऱ्याच्या खिडकीखाली.

तळमजला_अ
अण्णा, माझ्या त्रासावर तुमचा मुद्दा शेकू नका. खड्डा नको असं मी म्हटलंच नाही. वेळेवर भुसा टाका, झाकण बसवा, पाण्याचा निचरा करा, हे म्हटलं.

टेकडी
आमच्याकडे मी स्वतः खड्डे बघते. वास येत नाही. कोरडा पाला भरपूर लागतो आणि रोज अर्धा तास माणूस लागतो. पण त्या माणसाच्या पगारासाठी देखभाल खर्चात थोडी वाढ सुचवली तर सभेत जणू मी दरोडा घातला. चाळीस लाखांची गाडी घेणारे लोक कचऱ्याच्या पैशांवरून माझ्या अंगावर ओरडले.

सातवामजला
पैशांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. आम्ही मिळकतकर भरतो. कचरा उचलणं हे पालिकेचं काम.

टेकडी
मग तो उचलून कुठे नेतील? तुमच्या मागच्या प्रकल्पात! आणि रात्री वास आला की तक्रारही तुम्हीच करणार.

सातवामजला
तुम्ही आता प्रकल्प चालवणाऱ्यांची वकिली करताय. माझ्या केराच्या डब्यामुळे त्यांच्या शेडचं दार उघडं राहतं का? दोन्ही एकत्र कालवू नका.

रसायनवाली
दार उघडं राहणं ही चूक चालवणाऱ्यांचीच, त्यात दुमत नाही. पण सायकली बाहेर काढा, एवढं तरी ऐका.

फुरसुंगीकर
चाललंय काय? भुसा, झाकण, कमोड. तुमच्याकडचा प्रकल्प बंद पडला तर त्या गाड्या कुठल्या रस्त्याने जातात ते आम्हाला तोंडपाठ आहे. म्हणून सांगतो, तो बंद करायला सांगू नका, नीट चालवायला लावा.

वैजू
फुरसुंगीकर, मी बंद करा म्हटलेलंच नाही, वर वाचा. आमच्याकडे आता चार इमारतींत वही ठेवली आहे. वेळ, वारा कुठून, वास किती, सही. खतखड्डे आमचे चालू आहेत, तोही फोटो अर्जाला जोडणार आहे, म्हणजे तोंड उघडलं की कोणी डबा दाखवायला नको. मागणी एकच, तपासणी रात्री अकरा ते पहाटे पाचमध्ये, आमच्या माणसांसमोर.

अण्णा_पेठेतले
रात्री तपासणी व्हावी, यावर माझं काही म्हणणं नाही. दिवसा येऊन वास शोधणं चूकच आहे. बाकी आराखडा न बघता घर घेणाऱ्यांबद्दल माझं मत तेच.

तळमजला_अ
टेकडी, कोरडा पाला पावसाळ्यात कुठून आणता? आमच्याकडे जूननंतर मिळतच नाही आणि अळ्या थेट ओट्यापर्यंत येतात.

टेकडी
मार्च-एप्रिलमध्ये पडतो तेव्हाच पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवायचा. कमी पडला तर सुताराकडचा भुसा, पण प्लायवूडचा नको. अळ्या झाल्या म्हणजे ओल जास्त आहे. खड्डा खालून ढवळायला सांगा, आणि तुमच्या अध्यक्षांना ढवळताना समोर उभं करा.