प्रतिसाद: पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) घेतलं की मेडिकल-इंजिनीअरिंगची दोन्ही दारं उघडी?

वर बऱ्याच पालकांनी लिहिलंय, 'अकरावीला गणित-जीवशास्त्र दोन्ही ठेवू द्या, पुढचं पुढे.' कागदावर ठीक आहे. पण मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे, आणि इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटी पीसीएमच्या (भौतिक, रसायन, गणित) २०० पैकी १०० गणिताचे. म्हणजे प्रत्येक परीक्षेचा अर्धा भार नेमका दुसरीकडे नसलेल्या विषयावर. शिवाय नीटमध्ये चुकलं की एक गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत. त्यामुळे पेपर सोडवायची सवयही वेगळी लागते. मुलाची यात फार ओढाताण होते हो! अकरावीच्या पहिल्या सहामाहीतच त्याला शेजारी बसवून दोन्हींचा एकेक जुना पेपर वेळ लावून सोडवायला द्या. कुठला विषय तो आपणहून आधी उघडतो ते बघा, आणि मग निर्णय त्यालाच घेऊ द्या.