क्रीटमधले पुरातत्त्वज्ञ-हेर: विद्वत्तेचा नेमका उपयोग काय झाला?

गडवाट:
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ग्रीसमधल्या गनिमी तुकड्यांबरोबर जॉन पेंडलबरी, टॉम डनबॅबिन असे पुरातत्त्वाचे अभ्यासक नेमले. 'प्राचीन ग्रीक यायचं म्हणून' हे कारण मला पटत नाही. मेंढपाळांशी बोलायला ते कसं पुरेल?

रानपाखरू:
कामी आली ती पायपीट. पेंडलबरी १९३४ पर्यंत क्नोसोसचा, म्हणजे क्रीट या ग्रीक बेटावरच्या प्राचीन राजवाड्याच्या अवशेषांचा, क्युरेटर होता. अवशेष शोधताना त्याने अख्खं बेट पायी पिंजून काढलं, बोलीही उचलली. कुठली वाट कुठे निघते, कोणत्या गावात कोणाचा शब्द चालतो, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक होतं. १९४० मध्ये हेराक्लिओनला उपवाणिज्यदूत या नावाखाली राहून त्याने सातानास, पेट्राकोगिओर्गिस, बांडुवास या डोंगरी पुढाऱ्यांना जोडलं.

घोडं अडलं शस्त्रांपाशी. १९३८ च्या क्रीटमधल्या हानिया शहरातल्या उठावानंतर ग्रीक हुकूमशहा मेटाक्सासच्या सरकारने लोकांच्या बंदुका काढून घेतल्या होत्या. क्रीटची पाचवी डिव्हिजन इटलीविरुद्ध अल्बानियाच्या आघाडीवर गेली आणि ग्रीसच्या मुख्य भूमीवरच अडकली. २० मे १९४१ ला जर्मन छत्रीधारी उतरले तेव्हा लढायला माणसं होती, रायफली पुरेशा नव्हत्या. पेंडलबरी जखमी झाला, आणि २२ मेला जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. एवढी तयारी शस्त्रांविना वाया जावी, याचं फार वाईट वाटतं.

दीपमाळ:
डनबॅबिन १९४२ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या क्रीटवर मेंढपाळाच्या वेशात उतरला. तिथली खरी डोकेदुखी बिनतारी संच. संचापेक्षा बॅटरी आणि ती चार्ज करायचं इंजिन जड. शिवाय इंजिनाचा आवाज दरीत घुमतो आणि पेट्रोल पाठीवरून वर न्यावं लागतं. एकाच गुहेतून फार वेळ संदेश पाठवला, तर शत्रूला दिशा सापडते. माल दक्षिण किनाऱ्यावर, अंधाऱ्या रात्री बोटीने यायचा; टॉर्चने ठरलेली खूण दिल्याशिवाय बोट जवळ येत नसे.

पूलबांधणी:
मुख्य भूमीवर गोर्गोपोटामोसचा उडवलेला रेल्वे पूल बघा, २५ नोव्हेंबर १९४२. ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिन शिकलेला ब्रिटिश अधिकारी वुडहाउस डोंगर ओलांडून गनिमी पुढारी झेर्वासला शोधून घेऊन आला, त्यामुळे झेर्वास आणि कम्युनिस्ट गनिमांचा पुढारी आरिस वेलुखिओतिस यांच्या एरवी न पटणाऱ्या तुकड्या एका हल्ल्यात लढल्या. सुरुंगाचं काम मात्र ब्रिटिश तुकडीचा प्रमुख मायर्स याच्यासारख्या इंजिनिअरचंच. पोलादी पायांची रचना अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली, म्हणून तयार आणलेले स्फोटकांचे गठ्ठे ऐन वेळी अर्धे कापून वेगवेगळे बांधावे लागले. तेवढा वेळ वर चकमक चालूच होती.