विषय: माँ ब्लाँची प्रदक्षिणा, आईला नेऊ का?

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताभोवतीचा ट्रेक करायचं मी आणि नवऱ्याने ठरवलं आहे. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड आणि पुन्हा फ्रान्स, अकरा दिवस, वाटाड्यासह. माझी आई तेव्हा पुण्याहून इथे आलेली असेल. ती 62 वर्षांची आहे. राजगड-तोरणा आणि हरिश्चंद्रगड तिने कॉलेजात केले होते, आताही रोज पर्वती चढते. तीही यायचं म्हणते आहे. भाऊ फोनवर ओरडला, "तिला कुठे नेतेस?" आपल्यापैकी कोणी ही वाट केली असेल तर खरं काय ते सांगा. वाटाड्याचे पैसेही बरेच आहेत. वाट खुणांनी आखलेली असताना तो लागतोच का?

अनघा

---

प्रिय अनघा,

मी ही वाट दोनदा केली, एकदा एकट्याने आणि एकदा गटाबरोबर, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आईला अंदाज दे. सगळी वाट साधारण 170 किलोमीटर आणि एकूण चढ जवळपास 10,000 मीटर. फ्रान्समधल्या लेझूश गावाहून निघाल्यावर पहिलीच खिंड कोल द व्होझा, 1,653 मीटर. म्हणजे पहिल्या सकाळीच तू कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर पोचतेस आणि तिथून पुढे खऱ्या खिंडी सुरू होतात. बोनॉम 2,329, सेन्य 2,516, ग्राँ कोल फेरे 2,537. या उंचीवर श्वास कमी पडण्याचा प्रश्न फारसा येत नाही. दोर, बर्फावरचे काटे यातलंही काही लागत नाही, कारण नेहमीची वाट हिमनदीवरून जातच नाही.

त्रास देतो तो उतार. क्रुआ द्यु बोनॉमच्या निवाऱ्यापासून (निवारा म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) ले शापियोपर्यंत एका दमात 900 मीटर उतरावं लागतं. आईला पर्वती चढताना नाही, उतरताना गुडघे दुखतात का, हे आधी विचार. आणि राजगड-तोरणा केल्यावर दुसऱ्या दिवशी आपण घरी झोपतो. इथे दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा-सात तास, तिसऱ्या दिवशीही तेच. पाय भरून आलेले असतात तेव्हाच पुढची खिंड समोर उभी राहते. दोन काठ्या घ्याच, बूट दोन महिने आधी घेऊन रोज वापरा. पहिल्या खेपेला मी नव्या बुटांनी निघालो आणि पायाची दोन नखं गमावून बसलो.

तुझा दुसरा प्रश्न वाटाड्याचा. वाट सापडण्यासाठी तो लागत नाही हे खरं आहे. पाट्या आहेत, लाल-पांढरे पट्टे आहेत, ऑगस्टमध्ये तर पुढे-मागे माणसंच माणसं असतात. मीही पहिल्यांदा असंच म्हणून एकटा गेलो होतो. दुसऱ्या खेपेला गटातून गेलो तेव्हा स्विस बाजूच्या शाँपे गावाहून पुढे फनेत्र दार्पेतवरून जायचं आमचं मनात होतं. ती 2,665 मीटरची खिंड आहे, वरचा सगळा भाग दगडधोंड्यांचा आणि घसाऱ्याचा. आमच्या वाटाड्या बाईंनी आदल्या रात्री हवामान पाहिलं आणि जेवणाच्या टेबलावर शांतपणे सांगितलं, उद्या बोवीनच्या कुरणांवरून जायचं. सकाळी आकाश निळंशार. गटातल्या दोघांना राग आला, त्यातला एक मी. पैसे मोजलेत, पाय चालताहेत, मग का नाही? दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही खालच्या फोर्क्लाझच्या खिंडीत पोचलो आणि वरच्या खिंडीकडे वीज कडाडायला लागली. गारांचा मारा तासभर चालला. मी एकटा असतो तर त्या वेळी नक्की त्या धोंड्यांत असतो. वाटाड्याला पैसे द्यायचे ते या नकारासाठी, एवढंच मला कळलं.

दुसरी गोष्ट, निवाऱ्यांतल्या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. एलिझाबेता किंवा बोनात्ती एकेकट्याने जुळवायचं म्हणजे तारखांचं कोडंच. गटाचं आरक्षण आधीच झालेलं असतं. मोठ्या बॅगा गाडीने पुढे जातात, पण जिथे रस्ता आहे तिथेच. वरच्या निवाऱ्यांत पाठीवरच्या सॅकमधल्या कपड्यांवरच रात्र काढायची. झोपायला सगळ्यांची एकत्र खोली, आपली पातळ खोळ न्यावी लागते. बूट दाराशी काढायचे, जेवण साधारण सातला आणि सगळ्यांना एकदमच. आई शाकाहारी असेल तर आरक्षणाच्या वेळीच लिहून कळव, तिथे पोचल्यावर सांगून उपयोग नाही. इटलीच्या बाजूला पोलेंटा (मक्याच्या पिठाचा) आणि फोन्तिना चीज मिळतं, आपल्या माणसाला गरम पोलेंटा सांज्यासारखा लागतो. चटणीची पुडी मात्र असू दे.

आता आईचं. माझं मत विचारशील तर तिला ने, पण अकराही दिवस नको. इटलीतल्या कूरमायर गावापासून फेरे खोऱ्याच्या वरच्या अंगाने बेर्तोनेच्या निवाऱ्याहून बोनात्तीपर्यंतचा दिवस तिने चालावाच. डावीकडे ग्राँद जोरासची भिंत दिवसभर समोर असते. त्या खोऱ्यात उन्हाळ्यात खाली बस धावते, थकली तर उतरून बसने परत. स्विस बाजूला ला फूली ते शाँपेचा दिवसही सौम्य आहे, गावागावांतून जाणारा, आणि तिथेही बस आहे. बोनॉमचा दिवस आणि शेवटचा ब्रेव्हाँ शिखराहून लेझूशचा उतार तिला टाळू दे. म्हणजे गटाला आणि तिला दोघांनाही ओझं होणार नाही. भावालाही हे सांग.

शेवटच्या दिवशी ब्रेव्हाँवर थोडा वेळ थांबा. समोर बोसाँ हिमनदी दरीच्या दिशेने बरीच खाली उतरलेली दिसते. 24 जानेवारी 1966 ला मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनगंगा' विमान माँ ब्लाँवर आदळलं, 117 जण गेले, त्यांत होमी भाभा होते. त्याआधी 3 नोव्हेंबर 1950 ला 'मलबार प्रिन्सेस' हे विमान याच पर्वतावर पडलं होतं, त्यात बहुतेक आपले भारतीय खलाशी होते. हिमनदी अजूनही त्यांच्या वस्तू खाली आणून सोडते. काही वर्षांपूर्वी इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीची वर्तमानपत्रं बर्फातून निघाली.

श्रीकांतकाका

---

अनघा, काकांच्या पत्राला दोन व्यावहारिक गोष्टी जोडते.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, आईच्या एकाच शेंगेन व्हिसावर तिन्ही देश चालतात, पण मूळ पासपोर्ट सॅकमध्येच ठेवा, गाडीने जाणाऱ्या बॅगेत नको. युरोपीय महासंघातलं रोमिंग स्विस हद्दीत लागू नसतं, ग्राँ कोल फेरे ओलांडताना डेटा बंद करा. आणि विमा: फ्रान्सच्या बाजूला डोंगरातून सरकारी पथकाने उतरवलं तर पैसे घेत नाहीत, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल येतं. आईच्या प्रवासविम्यात डोंगरातली सुटका आणि तेवढ्या उंचीवरची पायपीट धरली आहे ना, ते कंपनीकडून लेखी घ्या.

मेधा

---

काका, मेधाताई, मनापासून आभार. आईने तुमचं पत्र दोनदा वाचलं. उतरताना गुडघा दुखतो हे तिने आज पहिल्यांदा कबूल केलं. ती चार दिवस चालेल, बाकी दिवस शाँपेच्या तळ्याकाठी आणि शामोनीत राहील. आम्ही वाटाड्यासह जातो आहोत, आरक्षण आज केलं.

अनघा

---

अनघा,

मी या ईमेल-यादीवर कधी लिहीत नाही. माझे बाबा 1966 मध्ये ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रात नोकरीला होते, तेव्हा त्याला भाभांचं नाव दिलेलं नव्हतं. बातमी आली त्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी काही बोललंच नाही, असं ते सांगतात. ते आता 85 वर्षांचे आहेत. तो पर्वत त्यांनी कधी पाहिलेला नाही. ब्रेव्हाँवर पोचलात आणि आकाश मोकळं असलं, तर बोसाँचा एक फोटो मला पाठवशील का? मोठा छापून त्यांना द्यायचा आहे.

सुनंदा