सब-कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांचे पगार थकलेत आणि त्याचं बिल माझ्या टेबलावर आहे. काय करू?

मोजमापवाला:

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, इंदिरानगरचा. नोकरीला दोह्यात. क्वांटिटी सर्व्हेअर आहे, म्हणजे सब-कॉन्ट्रॅक्टरने महिन्याभरात किती काम केलं ते मोजायचं, त्याच्या फुगवलेल्या बिलाला कात्री लावायची आणि पेमेंट सर्टिफिकेट वर सरकवायचं. सध्या सुट्टीवर घरी आलोय.

परवा सिन्नरकडच्या एक मावशी भेटायला आल्या. आईच्या भजनी मंडळातून ओळख निघाली. त्यांचा मुलगा दोह्यात आहे. कंपनीचं नाव ऐकलं आणि मी गप्पच झालो, कारण तो आमच्याच साइटवरचा एसी डक्टिंगचा सब-कॉन्ट्रॅक्टर. मावशींनी पिशवीतून पासबुक काढलं. दर महिन्याला पोराचे पैसे जमा, खाली लगेच पतसंस्थेच्या सोनेतारणाचा हप्ता वळता. शेवटच्या पानावर नुसते हप्तेच. शिल्लक किती ते मी वाचलं, मोठ्याने वाचलं नाही.

पोराशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोललो. दोन पगारांचा पत्ता नाही. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. एटीएम कार्ड कॅम्प बॉसकडे (कामगारांची राहायची जागा सांभाळणारा), "हरवू नये म्हणून". इकडच्या एजंटने एक लाख दहा हजार घेतले, पावती नाही. कायद्याने एजंटला ३० हजार अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, हे पोराला माहीतच नव्हतं. आणि गंमत बघा, पोरगा दहावी पास. म्हणून पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी हवी असा, शिक्का नाही. नववीत शाळा सोडली असती तर कतारला जाण्याआधी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद झाली असती, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागली असती, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा अपघात विमा सक्तीने काढावा लागला असता. दहावी झाला आणि सरकारच्या लेखी शहाणा झाला.

ही पोरं मी रोज बघतो. उन्हाळ्यात १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं, तेव्हा ती जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या डक्टच्या आडोशाला पडलेली असतात. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात. हातमोजे फाटले की नवे मिळेपर्यंत पोरं इन्सुलेशनची चंदेरी टेप बोटांना गुंडाळून घेतात. मी मापं घ्यायला गेलो की ते हात पुढे होऊन टेपचं दुसरं टोक धरतात. त्या हातांचा पगार झाला की नाही, हा प्रश्न माझ्या मेजरमेंट शीटमध्ये कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता माझी अडचण. माझाही व्हिसा कंपनीचाच. गंगापूर रोडला फ्लॅट बुक केलाय, मुलगी तिसरीत. ऑफिसातले आपलेच लोक म्हणतात, "सब-कॉनचं लफडं आहे, आपण कशाला पडायचं?" आमच्या तिकडच्या मराठी ग्रुपवर विषय काढला तर अ‍ॅडमिनने दहा मिनिटांत मेसेज उडवला. गणपतीत ढोल वाजवायला हीच पोरं चालतात. बायको म्हणते, आपण मावशींना थोडे पैसे देऊ आणि विषय संपवू. भाचा म्हणतो, व्हिडिओ करून टाक, व्हायरल होऊ दे.

तिकडे राहिलेल्या कुणी असं काही केलंय का? तक्रार कुठे करायची, दूतावास की कामगार मंत्रालय? आणि नोकरी न घालवता होईल का? सल्ला देताना "हिंमत हवी" वगैरे नको, कृपया.

---

पूर्वाश्रमीची दोहेकर:

मी तिकडे एका कंत्राटदाराकडे पेरोल सांभाळायचे. आता नाशिकरोडला शांतपणे जीएसटी रिटर्न भरते.

भाच्याला आधी आवरा. कतारमध्ये परवानगीशिवाय माणसांचं चित्रीकरण हा गुन्हा आहे, आणि पोस्ट केलंत की सायबर गुन्ह्यांचा कायदा वेगळा. केनियाचा एक सुरक्षारक्षक टोपणनावाने कामगारांच्या राहणीबद्दल लिहायचा. २०२१ च्या मे महिन्यात त्याला उचललं, नंतर २५ हजार रियाल दंड ठोठावला. तुम्ही तर नावानिशी सापडाल. आणि व्हिडिओत पोरांचे चेहरे दिसले तर तुमच्या आधी त्यांचं तिकीट निघेल.

एटीएम कार्डाचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या मते गोम तिथेच आहे. २०१५ पासून पगार बँकेतूनच द्यावा लागतो, देय तारखेपासून सात दिवसांत, आणि कामगार मंत्रालयाला ते डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे पगारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेत, दिसतं. त्यामुळे काही बहाद्दर पगार खात्यात टाकतात, कॅम्प बॉस सगळी कार्डं घेऊन मशीनवर जातो, रोख काढतो आणि "मेस", "रूम" कापून उरलेलं वाटतो, किंवा वाटतच नाही. मंत्रालयाच्या पडद्यावर सगळं हिरवंगार. म्हणून आधी शोधा: पगार आलाच नाही, की येऊन गेला? पोराने बँकेच्या अ‍ॅपवर स्टेटमेंट बघावं. दोन्ही गुन्हेच, पण कागद वेगळे लागतात. किमान वेतन मार्च २०२१ पासून १,००० रियाल आहे, आणि कंपनी राहायला-जेवायला देत नसेल तर वर ५०० आणि ३००. रूमचे पैसे कापत असतील तर तेही विचारा.

दुसरं, करार. तो मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरवरून गेला असेल तर तिथे त्याला करार दाखवून सही घेतलेली असते. ती प्रत मिळवा. एजंटने तोंडी काय सांगितलं त्याला शून्य किंमत आहे.

आता तुमचं टेबल. तुम्हाला वाटतंय तुमच्या हातात काही नाही, आणि मला वाटतं त्या साइटवर सगळ्यात धारदार हत्यार तुमच्याच हातात आहे. सब-कॉन्ट्रॅक्टच्या करारात कामगार कायदा पाळण्याचं कलम असतंच. त्याचा आधार घेऊन बिलासोबत मागच्या महिन्यांची डब्ल्यूपीएस फाइल आणि बँकेची पोच मागा. फक्त या सब-कॉनची नाही, साइटवरच्या सगळ्यांची. नियम सगळ्यांना लागला की "कुणी चुगली केली" हा शोधच सुरू होत नाही. पत्र कमर्शियल मॅनेजरच्या नावाने जाऊ दे, तुम्ही नुसता मसुदा करा. त्यांना पटवायला माणुसकी लागत नाही. पगार थकल्याने पोरं बसून राहिली तर डक्टिंग लांबतं, फॉल्स सीलिंग लांबतं, हँडओव्हरची तारीख जाते. हे वाक्य लिहा, मॅनेजर लगेच वाचतो.

पण बिल अडवून ठेवू नका! नवशिके हेच करतात. सब-कॉनचे पैसे थांबले की तो सर्वात आधी पगार थांबवतो, डिझेल नाही. बहुतेक वेळा मुळात पगार थकतात तेच असे: मालकाने मेनला दिले नाहीत, मेनने सबला, सबने पोरांना. साखळीतला प्रत्येक जण "मला मिळाले की देतो" म्हणतो आणि शेवटच्या कडीला पुढे ढकलायला कुणी उरत नाही. त्यामुळे थेट भरणा सुचवा. तुमच्या कंपनीने पगार परस्पर कामगारांच्या खात्यात भरायचे आणि सबच्या बिलातून कॉन्ट्रा चार्ज लावून वळते करायचे. आम्ही केलंय. सबने आकांडतांडव केलं, पण बाकीचं बिल आमच्याकडेच होतं, जाईल कुठे?

मंत्रालयाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, कामगार नसलेल्यालाही. पुढे तंटा समिती आहे, २०१८ पासून. कागदावर तीन आठवड्यांत निकाल. कंपनी बुडाली तर त्याच वर्षीच्या कायद्याने केलेला कामगार निधीही आहे. कागद आणि अनुभव यांत अंतर आहे एवढंच म्हणते. पासपोर्ट ठेवून घेतला तर २०१५ च्या कायद्यात २५ हजार रियालपर्यंत दंड आहे. तो सहसा मागितल्यावर, आणि मागणारा एकटा नसला, तर मिळतो. दूतावासाच्या छत्राखालची आयसीबीएफ ही भारतीयांची मदत संस्था आहे, तिथले स्वयंसेवक सोबत येतात. मावशींना इकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवून द्या, निदान क्रमांक तरी हातात राहील.

मावशींना पैसे द्यायचे तर जरूर द्या. हप्ता थांबत नाही. पण विषय संपला असं स्वतःला सांगू नका.

---

बागाईतदार दिंडोरी:

सगळं वाचलं. राग नसावा, पण कतारपर्यंत कशाला जाता? गोडी छाटणीला आमच्याकडे सुरगाणा-पेठहून टोळ्या येतात. मुकादमाने उचल कोणाला किती दिली हे टोळीतल्या निम्म्यांना ठाऊक नसतं. पोरंबाळं बागेच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाखाली. औषध फवारणी चालू असते तिथेच स्वयंपाक. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा, आणि २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी लेकरं मेंढ्या वळायला दिल्याचं उघडकीस आलं, त्यातली एक मुलगी गेली. तेव्हा या धाग्यावरचे किती जण बोलले? तिकडून सुट्टीवर येऊन द्राक्षं खाताना विचारता का कोणी तोडली?

---

पूर्वाश्रमीची दोहेकर:

@बागाईतदार, मुद्दा शंभर टक्के खरा. तुमच्याच बागेत पुढच्या छाटणीला उचलीचा हिशोब प्रत्येकाच्या नावाने वहीत लिहा आणि इथे धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. तोवर यांना यांचं काम करू द्या.

---

येवल्याचा फिटर:

साहेब, मी प्लंबिंग फिटर. आधी कुवेत, मग कतार. आता येवल्यात दुकान टाकलंय. ताईंनी कायद्याचं बरोबर सांगितलं. मी खोलीतलं सांगतो.

आमच्या कॅम्पात एका इंजिनिअर साहेबांना आमची दया आली. चांगला माणूस, दिवाळीला मिठाई आणायचा. त्यांनी कोणाला न विचारता वरती मेल टाकला. आठ दिवसांत पगार झाला, खोटं नाही बोलत. पण कंपनीला वाटलं आमच्यातले तिघं फितवतात. त्या तिघांना कॅन्सल करून पाठवलं. त्यातल्या एकाचं एजंटचं कर्जसुद्धा फिटलं नव्हतं. साहेबांना हे कळलं की नाही मला माहीत नाही. ते पुढच्या साइटवर गेले.

म्हणून आधी पोराला विचारा त्याला काय पाहिजे. तुम्हाला वाटतं न्याय पाहिजे. त्याला कदाचित फक्त पासपोर्ट पाहिजे असंल. २०२० पासून कतारमध्ये जुन्या मालकाची एनओसी लागत नाही म्हणतात, नोटीस देऊन दुसरीकडे जाता येतं. पण जुना मालक "पळून गेला" अशी तक्रार टाकतो, मंग माणूस खल्लीवल्ली होतो, म्हणजे बेकायदेशीर ठरतो. एकदा खल्लीवल्ली झाला की पगार मागायला कुठल्या तोंडानं जाणार? त्यामुळं नोटीस दिल्याचा स्क्रीनशॉट, पंचिंगचे फोटो, ड्युटीचे तास वहीत, सगळं ठेवायला सांगा. मी तासांची डायरी ठेवायचो. पोरं हसायची, पण ओव्हरटाइमचे पैसे मलाच मिळाले.

अजून एक. कुवेतला मंगाफमध्ये १२ जून २०२४ ला आग लागली, आपली ४५ माणसं गेली. त्यानंतर माझ्या भावाच्या बिल्डिंगमध्ये खोलीतल्या फळ्यांच्या भिंती काढल्या. दोन महिन्यांनी परत लावल्या. तुम्ही साइटवर जाता तसं एकदा कॅम्पात पण जाऊन बघा. मेस बघायच्या निमित्तानं जा. खोलीत किती बेड, मागचं दार उघडतं का, कुलूप कोणाकडं. साहेब येऊन गेला एवढ्यानं पण कॅम्प बॉस थोडा सरळ होतो.

---

मोजमापवाला:

सर्वांचे आभार. फिटरभाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री पोराला परत फोन केला आणि सरळ विचारलं. तो म्हणाला, "दादा, आधी एटीएम कार्ड. पासपोर्ट राहू द्या, मला इतक्यात कुठं जायचंय?" मी धरून चाललो होतो की पासपोर्टच पहिला.

दोहेकर ताई, बँकेच्या अ‍ॅपचं तुमचं म्हणणं खरं निघालं. एक पगार आलाच नाही. दुसरा आला होता आणि त्याच दिवशी पूर्ण काढला गेलाय. पोराने स्क्रीनशॉट पाठवलाय. त्याच्या खोलीतल्या आणखी चौघांचं तसंच आहे. तेही पाठवायला तयार आहेत, नावं खोडून. करार मुंबईला सही केलेलाच आहे, पण प्रत एजंटकडे. एजंटच्या ऑफिसला उद्या मावशींना घेऊन जातोय. तो पावती देणार नाही हे नक्की, पण कराराची प्रत द्यायला त्याचं काय जातंय ते बघू.

बागाईतदार, आमच्या मामांची पिंपळगावला बाग आहे. तुमचा प्रश्न त्यांना विचारला. ते चिडले. अजून बोलत नाहीयेत.

पत्राचा मसुदा करतोय. सगळ्या सब-कॉन्ट्रॅक्टर्सना, पुढच्या बिलापासून लागू, पगाराची पोच जोडल्याशिवाय बिल अपूर्ण समजलं जाईल. थेट भरण्याचं कलम आमच्या करारात आहे का ते तिकडे गेल्यावरच कळेल, फाइल ऑफिसात आहे. बायकोला दाखवला. ती म्हणाली, यात तुझं नाव कुठेच नाही, मग हरकत नाही. ताई, मसुदा इथे टाकू का? एकदा नजर घालाल?

---

पूर्वाश्रमीची दोहेकर:

इथे अजिबात टाकू नका, धागा कुणीही वाचतं. व्यनि (खासगी निरोप) करा. आणि "अपूर्ण समजलं जाईल" काढा, सब त्याच शब्दाला धरून बिल अडवल्याची बोंब मारेल. "पोच बिलासोबत सादर करावी, न केल्यास वेतनाची रक्कम थेट भरून वळती केली जाईल" असं करा. ते कलम बहुधा करारात मागे, विशेष अटींमध्ये सापडेल. स्क्रीनशॉट मात्र पत्राला जोडू नका, नावं खोडली असली तरी रक्कम आणि तारखेवरून माणूस ओळखू येतो.