उमेदवारांची वादसभा केबलवर दाखवायची आहे, नियम काय?

प्रश्न: सोलापूर शहर मध्य विधानसभा मतदारसंघाच्या चार उमेदवारांना हुतात्मा स्मृती मंदिर सभागृहात एका मंचावर बसवून लोकल केबलवर थेट दाखवायचंय. अमेरिकेत गव्हर्नरपदाचे उमेदवार करतात तसं. काय सांभाळावं?

उत्तर १: आपल्याकडे राज्यपाल नेमतात, निवडत नाहीत (अनुच्छेद १५५), पण पद्धत चालेल. आधी तारीख बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२६: मतदान संपायच्या आधीचे ४८ तास टीव्हीवर निवडणूक प्रचार बंद. बुधवारी सहाला मतदान संपत असेल तर सोमवारी सहानंतर पुनःप्रक्षेपणसुद्धा नको. लोक इथेच फसतात.

उत्तर २: उत्तराला ९० सेकंद, प्रत्युत्तराला ३०. क्रम सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून. घड्याळ उमेदवारांना दिसेल असं ठेवा, वेळ संपली की माईक बंद, आणि हे आधीच लेखी मान्य करून घ्या. चारही माईक सतत चालू ठेवले तर नुसता गलका. शिवाय हॉलच्या स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून शिट्टी वाजते. एका वेळी एकच चालू. केबलला आवाज थेट मिक्सरमधून द्या.

उत्तर ३: रात्री दहाच्या आत आटपा, आणि कार्यकर्त्यांना मागच्या रांगांत बसवा राव!