उघड्या चेंबरमध्ये आई पडली, महापालिकेवर दावा करता येईल का?

प्रश्न (गिरणीची गल्ली):
14 जुलैला संध्याकाळी आई गिरणीवरून दळण घेऊन येत होती. रस्त्यावर घोटाभर पाणी, त्याखाली चेंबर उघडं. डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, 1,90,000 रुपये खर्च आला. प्रभाग कार्यालयात तीनदा गेलो, "अर्ज ठेवून जा" एवढंच म्हणतात. आई अजून वॉकर धरून चालते. आता डिसेंबर लागला. काय करू?

उत्तर (ठेच लागलेली):
दादा, आधी तारीख बघा. मुंबईबाहेरच्या महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 487 प्रमाणे आधी महिन्याची लेखी नोटीस द्यायची आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. तुमचे सहा महिने 14 जानेवारीला भरतात! माझे मिस्टर खड्ड्यात गाडीवरून पडले, तेव्हा साहेब आज बोलावतील, उद्या बोलावतील म्हणत आम्ही आठ महिने घालवले. वकिलांनी फाईल उघडली, अपघाताची तारीख वाचली आणि फाईल मिटून माझ्याकडे सरकवली. तुमच्या आईचं तसं होऊ देऊ नका. याच आठवड्यात नोटीस द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका: गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख.

उत्तर (दिवाणी वकील):
ताईंचं बरोबर आहे. शिवाय ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या अपघातांसाठी भरपाई ठरवून दिली: मृत्यू झाल्यास 6 लाख, जखमींना 50 हजार ते अडीच लाख. अर्ज आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे करायचा. पण तो केला म्हणून 487 ची मुदत थांबली असं धरू नका, दोन्ही एकदम करा. माहिती अधिकारात त्या चेंबरच्या जुन्या तक्रारी मागवा. चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला, त्यात 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेला जबाबदार धरलं. राजकोटला रस्त्यावरचं झाड पडून माणूस गेला, त्यात 1997 मध्ये भरपाई नाकारली. म्हणून धोका त्यांना आधीच माहीत होता हे कागदावर दिसायला हवं.

गिरणीची गल्ली:
समोरच्या किराणावाल्यांनी जूनमध्येच ऑनलाइन तक्रार केली होती, मेसेज त्यांच्या मोबाईलवर आहे. दुसऱ्या दिवशी चेंबरमध्ये कुणीतरी फांदी रोवून लाल फडकं बांधलं, त्याचाही फोटो आहे. उद्या सकाळी सगळं घेऊन वकिलांकडे जातो.