मदत हवी आहे : आयसीयूत बाबांच्या पायाची नस दबू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. बाबा न्यूमोनियामुळं बेळगावात व्हेंटिलेटरवर आहेत, गुंगीत. काल भेटायला आत सोडलं तेव्हा उजवा पाय बाहेर कलंडून गुडघ्याखालचं हाड थेट कॉटच्या कठड्याला टेकलेलं दिसलं. पाऊल वर उचलणारी नस तिथंच हाडाला वळसा घालून कातडीलगत जाते. ती दबून राहिली तर माणूस वाचतो, पण पाऊल लोंबकळतं. आपल्याला मुंग्या आल्या की आपण पाय हलवतो. बाबांना तेही कळत नाही, म्हणून जीव कासावीस होतो. त्यात बाबांना शुगर, म्हणजे नसा आधीच नाजूक.

सिस्टरनी लगेच उशी लावली, दर दोन तासांनी कूसही बदलतात. हाताचीही नस दबू नये म्हणून कोपराखाली मऊ घडी आणि तळहात वर, हे फिजिओथेरपिस्टनी सांगितलंय.

पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट बेळगावात कुठं मिळेल? त्यानं टाचेला जखम तर होत नाही ना? ग्रुपमधल्या नर्स, फिजिओ ताई-दादांनो, भेटीच्या थोड्या वेळात आम्ही नेमकं काय बघावं, डॉक्टरांना काय विचारावं? कृपया सांगा, उद्या सकाळी परत जायचंय.